पातळ भाजी, दोन पाव आणि एक बन

सावंतवाडीहून, कोल्हापूरहून, पुण्याहून कुणीही माझ्याकडे पणजीला आलं की पहिल्याच संध्याकाळी मी सांगून ठेवते, उद्या सकाळी लवकर उठायचं, हॉटेलात नाश्ता फुकट असला तरी तो सोडायचा आणि आठच्या आत माझ्याबरोबर भाजी-पाव खायला यायचं. बहुतेकांना हे पटत नाही. गोव्यात येऊन भाजी-पाव? ते तर आमच्याकडेही मिळतं की, असं म्हणतात. तुमच्याकडे मिळत नाही. तुमच्याकडे पावभाजी मिळते, मिसळ मिळते, उसळ-पाव मिळतो. हे वेगळं आहे, आणि ते का वेगळं आहे हे मला आज जरा सविस्तर लिहायचं आहे.

मी मूळची सावंतवाडीची. नोकरीसाठी इथे आले, पणजीजवळच्या सांताक्रूझला भाड्याने राहते आणि पणजीत १८ जून रस्त्याच्या मागच्या बाजूला एका सीएच्या ऑफिसात काम करते. घरी एकटीसाठी सकाळी काही करत बसायचा मला कंटाळा. त्यामुळे पहिल्या महिन्यापासूनच सकाळ कॅफेत सुरू झाली ती आजपर्यंत तशीच आहे. इथे कॅफे म्हटल्यावर काचेचे दरवाजे आणि फेसाची कॉफी डोळ्यांसमोर आणू नका. पणजीत कॅफे म्हणजे अरुंद दुकान, लोकांनी गच्च भरलेली टेबलं, वर गरगरणारे पंखे, आत कढईत मिरची तळल्याचा वास आणि गल्ल्यावर बसलेला मालक. कॅफे टाटो, सिने नॅशनलजवळचं कॅफे भोसले ही पणजीकरांची नेहमीची नावं. मडगावात, म्हापशात, फोंड्यात अशी आणखी कितीतरी आहेत, आणि प्रत्येक गावच्या माणसाला आपल्याच गावची पातळ भाजी सर्वात चांगली वाटते.

तर पातळ भाजी. पांढरे वाटाणे भिजवून शिजवलेले, त्यात भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण, धणे, सुकी मिरची, थोडा गरम मसाला. रस्सा खरोखर पातळ असतो, पण पाणचट नसतो, कारण खोबरं त्याला धरून ठेवतं. तिखट बेताचं. दुसरी सुकी भाजी, म्हणजे पिवळी बटाट्याची, मोहरी-हिरवी मिरची-कढीपत्त्याची. आणि तिसरी माझी आवडती मिक्स, म्हणजे एकाच वाटीत खाली सुकी आणि वरून पातळ. बटाटा रस्सा पितो, रस्सा जरा दाट होतो आणि पावाचा तुकडा बुडवला की दोन्ही एकदम वर येतात. कुठे मुगाची, कुठे चवळीची, म्हणजे इथल्या अळसाण्यांची उसळही असते. पावसाळ्यात घराघरांत वारुळाजवळ उगवलेल्या अळम्यांचं, म्हणजे रानमश्रूमचं कौतुक चालू असतं. रस्त्याच्या कडेला पानांत बांधून विकायला येतात त्या, आणि त्यांचा भाव ऐकून मी दरवर्षी थबकते. कॅफेतल्या मश्रूमच्या भाजीत मात्र वर्षभर मिळणारी बटण मश्रूमच असतात. तीही चांगली लागते, पण अळमी ती अळमी.

गेल्या मे महिन्यात माझे मामा-मामी कोल्हापूरहून आले होते. मामांनी पहिला घास घेतला आणि वेटरला विचारलं, "फरसाण आणि कट आहे काय?" तो मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मामांना मी म्हटलं, "मामा, ही मिसळ नाही, हिला मिसळ समजून खाऊ नका." मिसळ अंगावर येते, घाम फोडते, नाक वाहायला लावते, आणि मलाही ती फार आवडते. पातळ भाजीचा तसा काही दावा नसतो. ती रोज सकाळी खाता यावी अशीच केलेली असते. रोज, वर्षानुवर्षं, पोटाला त्रास न होता. मामांनी दुसरी वाटी मागवली तेव्हा फरसाणाचं नाव काढलं नाही, आणि मामी तर वाटणात बडीशेप आहे का हे आत जाऊन विचारून आली. (कॅफेवाल्यांनी सांगितलं नाही. हसले आणि चहा दिला.)

पण मला जे खरं सांगायचं आहे ते भाजीबद्दल नाही, पावाबद्दल आहे. ही सगळी खाणावळसंस्कृती पदेरावर उभी आहे. पदेर म्हणजे पाव करणारा आणि सायकलवरून घरोघर आणून देणारा. पहाटे आणि पुन्हा दुपारी चारच्या सुमाराला त्याचा भोंगा वाजतो, पों-पों, आणि मागच्या टोपलीवरचं प्लॅस्टिक दूर केलं की गरम वाफ येते. याच दोन वेळा कॅफेतही पाव येतो. म्हणून भाजी-पाव खायच्या वेळाही दोनच, सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी चारनंतर. दुपारी बारा वाजता गेलात तर भाजी तीच असेल, पण पाव थंड होऊन चिवट झालेला असेल, आणि मग तुम्ही म्हणाल की एवढं काय आहे यात. माझ्या ऑफिसात मुंबईहून आलेला एक मुलगा नेमकं हेच म्हणत होता. त्याला मी एकदा साडेसातला घेऊन गेले. आता तो माझ्याआधी पोचलेला असतो.

पाव पोर्तुगिजांबरोबर आला हे सगळ्यांना माहीत असतं. इथल्या पावाची गंमत अशी की पीठ फुगवायला जुन्या पदेरांनी माडाची सूर, म्हणजे माडी वापरली. रेंदेर माडावर चढून सूर उतरवायचा, ती भट्टीवर जायची, पिठात पडायची. आता माडावर चढणारेच कमी झाले, सूर पुरेशी मिळत नाही आणि बहुतेक ठिकाणी यीस्ट वापरतात. सुरेच्या पावाला किंचित आंबूस-गोड वास असायचा असं इथली जुनी माणसं सांगतात.

आमच्या सांताक्रूझच्या भट्टीवर मी पहाटे जाऊन उभी राहिले आहे. घुमटासारखी मोठी भट्टी, आत आधी लाकडं पेटवून ती चांगली तापवतात, मग निखारे बाजूला ओढतात आणि त्या साठलेल्या उष्णतेवर पाव भाजतात. लांब दांड्याच्या लाकडी फळीने पाव आत सरकवायचे आणि बाहेर काढायचे. पोई करताना वरखाली गव्हाचा कोंडा लावतात. ती भाजताना फुगते आणि मधे पोकळ होते. उंडो म्हणजे वरून कडक कवचाचा गोल पाव. कात्रे पाव कात्रीने कापलेला, फुलपाखरासारखा दिसणारा. काकण म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक पाव, चहात बुडवून खायचा. आणि साधा चौकोनी मऊ पाव, जो भाजीबरोबर येतो. इतक्या प्रकारचा पाव रोज ताजा, पायी पोचता येईल एवढ्या अंतरावर मिळतो, आणि तोही गरिबातल्या गरिबाला परवडेल अशा भावात, ही मला गोव्यातली सर्वात मोठी श्रीमंती वाटते.

त्या भट्टीवर काम करणारी माणसं आता बरीचशी कर्नाटकातली आहेत. मूळ ख्रिस्ती कुटुंबांची मुलं दुबईला, लंडनला गेली, रात्रभर भट्टीपुढे उभं राहायला घरात कुणी उरलं नाही, तेव्हा अनेकांनी भट्ट्या चालवायला दिल्या. "आता गोंयकाराचो पाव राहिला नाही," असं म्हणणारे भेटतात. मला ते बरोबर वाटत नाही. जो माणूस मध्यरात्री उठून पीठ मळतो, पावसात भिजत सायकल मारतो आणि माझ्या दारात सहाला पोई ठेवून जातो, तो पाव त्याचाच आहे. काळजी करायची तर त्याच्या लाकडाच्या वाढत्या खर्चाची करावी, आणि पाव पन्नास पैशांनी वाढला की आपण जी ओरड करतो ती बंद करावी. आपण चहाला, पेट्रोलला, मोबाइलला वाट्टेल ते देतो. पावाच्याच वेळी आपल्याला महागाई आठवते.

माझी आजी सावंतवाडीला पाव घरात येऊ द्यायची नाही. पाव खाल्ला म्हणजे बाटला, ही भीती कोकणातल्या तिच्या पिढीच्या अंगात भिनलेली होती. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी ती आम्हांला सांगायची. आणि आज पणजीत मी ज्या कॅफेत बसते तिथे गल्ल्यामागे गणपतीचा फोटो आहे, त्याला रोज ताजा हार आहे, भाजी कांद्या-खोबऱ्याच्या हिंदू घरातल्या वाटणाची आहे आणि पाव पदेराच्या भट्टीतला आहे. शिवाय शेजारी बन आहे, तो पिकलं केळं घालून मळलेल्या मैद्याचा, जिऱ्याचा, पुरीसारखा फुगवून तळलेला, कारवार-मंगळुरूकडून आलेला. एका बशीत हे तिन्ही बसले आहेत आणि कुणालाच त्यात विशेष वाटत नाही. मला वाटतं. दर वेळी वाटतं. आजीला इथे आणता आलं असतं तर मी तिला बनापासून सुरुवात करायला लावली असती.

आणखी एक. एकट्या बाईने बसून निवांत खावं अशा जागा आपल्याकडे फार थोड्या आहेत. सावंतवाडीला मी एकटी हॉटेलात गेले की माना वळायच्या, आणि मालक हमखास "फॅमिली रूम"कडे बोट दाखवायचा. इथे पहिल्या दिवशी जागा शोधत उभी होते तर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतःची पिशवी उचलून म्हटलं, "बाय, बस गो हांगा." बस, एवढंच. पुढे ना चौकशी, ना गप्पांचा आग्रह. त्यांच्या हातात 'गोमन्तक' होता, त्यातलं आतलं पान त्यांनी न मागता माझ्याकडे सरकवलं. असं पान वाटून घेणं इथे रोजचंच आहे. एका टेबलावर कोर्टातले वकील, मासळीबाजारातून आलेली बाई, कॉलेजची पोरं आणि मी, असे सगळे कोपराला कोपर लावून खातो. माझी मालवणी आणि त्यांची कोंकणी अशी जुळते की वेटर अजून मला पेडण्याची समजतो.

"किदें जाय?" (काय हवं?)
"एक मिक्स, दोन पाव. बन आसा?"
"आतांच काडला."

सकाळ चांगली जाण्यासाठी मला याहून जास्त संभाषण लागत नाही.

आता जुन्या पोर्तुगीज घरांमधून नवी कॅफे निघाली आहेत. त्यांत पोईच्या आत अव्होकाडो, हमस, काय काय भरून देतात. मैत्रिणींबरोबर मी जाते, जागा सुंदर असतात, आणि पोईला तिथे मान मिळतो हे मला आवडतं. पण त्यांच्या एका बशीच्या किमतीत माझा आठवडाभराचा नाश्ता होतो, तेव्हा ती रोजची जागा होऊ शकत नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. किनाऱ्याकडच्या एका मोठ्या हॉटेलात ऑफिसच्या कार्यक्रमाला गेले होते, तिथे 'गोवन ब्रेकफास्ट' अशी पाटी लावून वाटाण्याच्या रस्स्याबरोबर पाकिटातला कापलेला ब्रेड ठेवला होता. दोन किलोमीटरवर भट्टी असताना. आलेला पाहुणा तेच गोव्याचं खाणं समजून घरी जातो, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा?

गोडासाठी मी वेगळ्या वाटेने जाते. पणजीतल्या मळा भागातून चालत फोन्ताइनाश या जुन्या पोर्तुगीज वस्तीत शिरलं की कन्फेतारिया ३१ दि जानेरो ही बेकरी लागते. तिथली बोलिन्हं, म्हणजे खोबरं आणि रव्याची बिस्किटं, पाव किलो घेतली तर घरी पोचेपर्यंत पाव किलो राहत नाहीत. कॅफे सेंट्रलचे मश्रूम पॅटिस ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की येतातच. आणि अंधार पडल्यावर गाड्यांवर रॉस ऑम्लेट. ऑम्लेटवर शाकुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्यातल्या कोंबडीचा, गरम रस्सा ओतलेला, वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. याच्याबरोबर मऊ पाव घेऊ नका, उंडो मागा. कडक कवच रस्सा झेलतं, मऊ पाव लगेच विरघळतो.

येत्या शुक्रवारी माझा धाकटा भाऊ बायको-मुलांसह येतोय. त्याला सांगितलंय, सावंतवाडीहून पहाटेची पहिली गाडी पकड, सामान घेऊनच उतर, घरी नंतर जाऊ. रविवारी यायचं म्हणत होता, मी नको म्हटलं. रविवारी पणजी निम्मी बंद असते. शुक्रवारी भाजी-पाव खाऊन तसेच म्हापशाला जाऊ, आठवड्याचा बाजार असतो, मोयऱ्याची मोठी केळी मिळाली तर वहिनी घरी बन करून बघणार आहे. तिखट नको म्हणणाऱ्या भाच्यासाठी नुसती सुकी भाजी सांगेन. बन साडेनऊपर्यंत संपतात, तेवढं फक्त गाडीने वेळेवर यायला हवं.