आमची वाटचाल : मशीनवर चढवण्याआधीचा फोन

निर्णयसागर छापखान्याच्या पुस्तकांवर कोलभाट लेनचा पत्ता असायचा. गिरगावातल्या आमच्या छापखान्याच्या गाळ्यापासून ती जागा चालत जाण्याएवढी. जावजी दादाजींनी 1864 साली खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पाडण्याचा कारखाना काढला, 1869 साली हा छापखाना सुरू केला आणि नाव कमावलं ते शुद्ध छपाईवर. वडील आमच्या जुळाऱ्याला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याला, हे येता-जाता ऐकवायचे. आमचा पसारा म्हणजे एक पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावतीपुस्तकं.

पुढे खिळे गेले, कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं डीटीपी आलं, प्लेटवरून छापणारं ऑफसेट आलं. दर पाडणारेही आले, त्यांच्याशी पैशात बरोबरी करणं आम्हाला कधी जमलंच नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक टिकलं ते एका फोनमुळे.

प्रूफावर, म्हणजे तपासायला दिलेल्या नमुन्यावर, सही झाली की छापखान्याची जबाबदारी संपते, अशी या धंद्याची रीत. पण सही करणारा नवरदेव असतो, आणि त्याला आत्याचं सासरचं नाव धड माहीत नसतं. म्हणून सही झाल्यावरही आम्ही घरातल्या जाणत्या माणसाला फोन लावतो आणि 'श्री गणेशाय नमः'पासून हॉलच्या पत्त्यापर्यंत पत्रिका मोठ्याने वाचून दाखवतो.

"थांबा, थांबा. धाकट्या दिरांचं नाव आधी कसं? मोठे भावजी अजून आहेत ना!"

मावशींनी असं अडवलं नसतं, तर मांडवात रुसवेफुगवे ठरलेले. वार आणि तारीख जुळते का, सूर्योदयाची तिथी पंचांगात तीच आहे का, हेही आम्ही पाहतो. आणि दादर पूर्व की पश्चिम! मुंबईत एवढं एक चुकलं की वऱ्हाड पुलाच्या भलत्या बाजूला उतरतं, आणि मुहूर्त काही थांबत नाही.

गणपतीच्या पावतीपुस्तकांचंही तसंच. नंबरिंग मशीनचा आकडा अडकला की एकच नंबर दोनदा पडतो आणि वर्गणीचा हिशेब देताना खजिनदाराला घाम फुटतो. बाइंडिंगआधी आम्ही प्रत्येक पुस्तक हाताने चाळतो. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू.

आता मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. तो तसाच जुन्या फॉन्टमध्ये टाकला की जोडाक्षरं फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'कऱ्हाडकर' ओळखू येत नाहीत. आमच्याकडे डीटीपीला लागलेली मुलगी पहिल्यापासून पेस्ट न करता सगळं पुन्हा टाइप करायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. फोनवर वाचून दाखवायचं कामही तिने आपणहून घेतलं. हळूहळू माणसं दुकानाचं नाव न घेता "त्या ताई आहेत का?" विचारत येऊ लागली. ती दुसरीकडे गेली असती तर अर्धी गिऱ्हाइकं तिच्यामागे गेली असती, हे मला दिसत होतं. आज ती धंद्यात भागीदार आहे. हा माझा मोठेपणा नाही, साधा व्यवहार आहे.

टाळेबंदीनंतर बरेच जण पन्नासेक पत्रिका छापतात आणि बाकीच्यांना मोबाइलवर पाठवतात. त्या डिजिटल पत्रिकेचे पैसे कमी, पण वाचायला वेळ तेवढाच लागतो. म्हणून यंदा तुळशीच्या लग्नानंतर तिने वाचून दाखवण्याचे पैसे बिलात वेगळे लावायला सुरुवात केली. मी धास्तावलो होतो, पण अजून तरी कुणी त्यावर घासाघीस केलेली नाही.