संगमावरची रात्र आणि बांधावरची बॅटरी

सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली आणि जानेवारीतला एक शनिवार मोकळा मिळाला. तंबू घेऊन वर्ष झालं होतं, पण दर वेळी सोबत कुणी ना कुणी असायचं. एकदा एकटीनं रात्र काढायचीच, हे मनात घर करून बसलं होतं. घरी सांगितलं, वाद झाला, तरी निघाले. स्कूटरला तंबू बांधला, अंथरायला सोलापुरी चादर घेतली, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. विजापूर रस्त्यानं मंद्रूप, तिथून आत हत्तरसंग कुडल. चाळीसेक किलोमीटर, पण शेवटच्या रस्त्यानं कंबर धरली.

कुडलला सीना भीमेला मिळते. संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख आहे. हा वाचील तो विजयी होईल, असा त्यातल्या ओळीचा अर्थ लावतात. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्यासारख्या वाचणाऱ्याची आठवण ठेवून हे दगडात कोरलं, या विचारानं मला दर वेळी भरून येतं. शेजारच्या हरिहरेश्वरात ३५९ मुखांचं शिवलिंग आहे. त्याच्यासमोर मी बराच वेळ बसले.

देवळापाशी बसलेल्या आजोबांना विचारून नदीच्या वरच्या अंगाला, उसाच्या कडेला तंबू लावला. त्या पुढचे तीन तास फार सुखाचे गेले. चहा मला हवा तेव्हा, हवा तेवढा गोड. पलीकडच्या काठावरून, म्हणजे कर्नाटकातून, कानडी भजन ऐकू येत होतं. वारा फिरला की विरायचं, पुन्हा यायचं. भाकरीचा तुकडा मोडला की त्याचा आवाजही मोठा वाटावा इतकी शांतता. नऊच्या सुमाराला मृगाचे तीन तारे चांगले वर आले होते. घरात मी सतत कुणाला तरी उत्तर देत असते. इथं दोन तासांत एक शब्द बोलले नव्हते आणि जीव हलका झाला होता.

अंधार दाट झाल्यावर मात्र कान जागे झाले. कोल्हेकुईची भीती वाटली नाही. उसाच्या पानांची सळसळ ऐकली की घोणस आठवायची, म्हणून बूट आत घेतले आणि चेन पक्की लावली. पण खरं सांगते, जनावरापेक्षा मला माणसाची भीती जास्त वाटत होती. एकटं राहायचं ठरवणाऱ्या प्रत्येक बाईला ती असते, आणि तिला धीर दिल्यानं ती जात नाही.

साडेबाराच्या सुमाराला तंबूच्या कापडावर उजेडाचा गोल पडला. हळूहळू सरकत माझ्या डोक्याशी येऊन थांबला. मी श्वास रोखला. फोनला रेंज नव्हती. मग बाहेर कुणीतरी मुद्दाम खाकरलं, तेही लांबून.

"कोन हाय तितं?"

आवाज थरथरत होता. तेव्हा लक्षात आलं, हा माणूसही घाबरलाय. मी आतूनच ओरडले, "मी सोलापूरची आहे, मामा. एकटीच आहे."

"अगं माय! येकटीच? मला वाटलं वाळूवालं आल्यात."

बाहेर आले. साठीतला माणूस, डोक्याला मफलर गुंडाळलेला, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय अनवाणी, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात खोरं. रात्री वाळू उपसणाऱ्यांना हटकणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून ते बराच वेळ बांधावर उभे राहून तंबूकडे बघत होते. ते रान त्यांचंच होतं. मी देवळात विचारलं, पण ज्याच्या बांधाला खुंट्या ठोकल्या त्याला विचारलं नाही. ही चूक माझी. तंबू लावण्याआधी जवळच्या वस्तीवर जाऊन यावं, हे मी इतरांना सांगत आले आणि स्वतः केलं नाही.

मामा उसाला दारं धरायला, म्हणजे सरीसरीनं पाणी पाजायला आले होते. मोटारीची लाइट या आठवड्यात रात्रीची. थंडीत, चिखलात, त्याच घोणशीच्या उसात ते रोज रात्री एकटे फिरतात. मी म्हटलं, "भीती नाही वाटत?" ते म्हणाले, "वाटती की. पर पानी कोन पाजनार?"

त्यांनी मला झोपायला सांगितलं. "मी हाय हितंच," म्हणाले आणि सऱ्यांत शिरले. मोटारीची घरघर सुरू झाली, पाटाला पाणी लागलं. दर थोड्या वेळानं खोऱ्याचा चपक् चपक् आवाज यायचा, एक सरी बंद, दुसरी उघडी. त्या आवाजावर मी जी झोपले ती थेट उजाडल्यावर उठले.

तंबूवर दव साचलं होतं. मामा बांधावर बसून पायाचा चिखल काडीनं खरवडत होते. टाचांच्या भेगांत तो पांढरा पडून वाळला होता. दोघांपुरता चहा केला, उरलेली भाकरी आणि चटणी पुढे ठेवली. त्यांनी भाकरी चहात बुडवून सावकाश खाल्ली.

निघताना म्हणाले, "फुडच्या हप्त्यात लाइट दिवसाची हाय. तवा या, हुरडा भाजू. आन् घरच्यास्नी बी आना."

मी रविवार सांगून आले आहे.