टायगामधून बाहेर पडताना

आयटी पार्कजवळच्या आमच्या छोट्या कार्यालयात आज दिवसभर एकच काम चालले होते: टायगा या प्रकल्पाची कामे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चार वर्षे साठलेली टीमची सारी माहिती नव्या प्रणालीत नेणे. टायगा मुक्तस्रोत आहे. प्रकल्पाच्या सेटिंगमधून एक्सपोर्ट केले की यूजर स्टोरी (वापरकर्त्याला काय हवे याची नोंद), टास्क, इश्यू आणि विकी हे सगळे एकाच जेसन, म्हणजे साध्या मजकुराच्या डेटा फाइलमध्ये हाती येते. जोडलेली चित्रेसुद्धा बेस-६४ या पद्धतीने लांबलचक अक्षरांच्या रूपात त्याच फाइलमध्ये बसत असल्याने फाइल उघडताना माझा एडिटर बराच वेळ गोठून गेला होता.

खरी गोम निघाली ती क्रमांकांत. टायगामध्ये एका प्रकल्पातील स्टोरी, टास्क आणि इश्यू यांना एकाच मालिकेतले क्रमांक मिळतात. मी मात्र घाईत नव्या प्रणालीत आधी सगळ्या स्टोरी भरल्या आणि टास्क नंतर, त्यामुळे सारे क्रमांक सरकले आणि जुन्या कमिटमधला (कोडमधल्या बदलाच्या नोंदीतला) ‘टीजी-२१८’ हा कामाचा क्रमांक भलत्याच कामाकडे बोट दाखवू लागला. चूक माझीच होती. शेवटी भरलेले सगळे पुसले आणि प्रत्येक शीर्षकाला जुना क्रमांक जोडणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. स्टोरीचे पॉइंट, म्हणजे कामाच्या अंदाजाचे आकडे, टायगात डिझाइन, फ्रंट, बॅक अशा भूमिकांनुसार वेगळे नोंदवता येतात. नव्या ठिकाणी एकच आकडा चालतो, म्हणून बेरीज करून मोकळा झालो, तरी ते मनाला पटलेले नाही.

संध्याकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर धाकटा सहकारी म्हणाला, “भाऊ, जुना सर्व्हर आताच बंद नका करू.” तो सर्व्हर महिनाभर केवळ वाचण्यापुरता चालू राहील.