पाच मतं आणि आमच्या घरातला एक कोरा गोल

"काय गं, लागला का निकाल?"

मार्च २०२४ मध्ये सांगलीहून सासऱ्यांचा हा फोन आम्हाला इतक्या वेळा आला की शेवटी शेवटी माझी लेकच फोन उचलून "नाही आजोबा, अजून मोजतायत" असं सांगून परत ठेवून द्यायची. बाबा म्हणजे जिल्हा परिषदेचे रिटायर्ड मास्तर, उभी नोकरी इलेक्शन ड्युटी केलेली, मतपत्रिकांचे गठ्ठे बांधण्यापासून ते मशीनला सील लावण्यापर्यंत सगळं हाताने केलंय. त्यांच्या हिशोबात मतमोजणी म्हणजे सकाळी आठला सुरू, आधी टपाली मतं, मग फेरीमागून फेरी, दुपारपर्यंत कल आणि संध्याकाळी गुलाल. महिनाभर मोजणी चालते हे त्यांच्या डोक्यात बसेचना. खरं सांगायचं तर पहिल्यांदा माझ्याही नव्हतं बसलं.

तर झालं असं, की आम्ही राहतो कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला. माझं अजून ग्रीन कार्ड, म्हणजे टॅक्स भरा, मत मागू नका. नवरा आदल्या वर्षी सिटिझन झाला, आणि ही त्याची पहिली निवडणूक. तो सिटिझन झाला तेव्हा बाबा दोन दिवस गप्प होते, मग म्हणाले, "इथलं मत गेलं ते गेलं, तिथलं तरी नीट देत जा." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे येणारे.

आता प्रायमरी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. आपल्याकडे तिकीट कोणाला मिळणार हे मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं आणि ज्याला नाही मिळत तो रात्रीतून पक्ष बदलतो. इथे ते तिकीटवाटप मतदार मत देऊन करतात, तीच प्रायमरी. त्यात कॅलिफोर्नियाची तऱ्हा अजून निराळी. राष्ट्राध्यक्षाचं सोडा, पण खासदार, आमदार वगैरे जागांसाठी २०१२ पासून इथे सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच यादीत असतात आणि त्यातले पहिले दोन नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत जातात. मग ते दोघं एकाच पक्षाचे का असेनात.

आमचा मतदारसंघ सोळावा. १९९३ पासून इथे ॲना एशू खासदार होत्या, त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि तीस वर्षांनी खुर्ची रिकामी होतेय म्हटल्यावर जी झुंबड उडाली ती विचारू नका, अकरा जण उभे! सॅन होजेचे माजी महापौर सॅम लिकार्डो, काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) बोर्डावरचे जो सिमिटियन, राज्याच्या विधानसभेतले इव्हन लो ही तीन मोठी नावं, आणि त्यात आपल्याकडचे एक ऋषी कुमारही होते. टपालाच्या डब्यात रोज चकचकीत पत्रकं, एवढी की लेकीच्या शाळेच्या क्राफ्टचा महिन्याचा कागद सुटला.

मतपत्रिका इथे प्रत्येक मतदाराला घरपोच येते, जवळजवळ महिनाभर आधी. आमची फ्रिजवर मॅग्नेटखाली तीन आठवडे लटकत होती, शेजारी दुधाचं बिल वगैरे असतं तशी. शेवटी ५ मार्चच्या मतदानाआधीच्या रविवारी जेवणं झाल्यावर नवरा काळं पेन घेऊन बसला, ज्याला मत द्यायचं त्याच्या नावासमोरचा गोल भरायचा असतो. राष्ट्राध्यक्षाचं भरलं. सिनेटचं भरलं, ते तर दोनदा होतं, एकदा पूर्ण मुदतीसाठी आणि एकदा उरलेल्या काही आठवड्यांसाठी, त्यावर आमचं पंधरा मिनिटं डोकं गेलं की हे छापताना चुकलंय का. नाही, तसंच असतं. मग आली ती अकरा नावांची यादी. हा पाच मिनिटं बघत बसला. मी म्हटलं अरे वाच ना जरा, त्या जाड पुस्तिकेत दिलंय सगळं, तर म्हणे, "तिघंही डेमोक्रॅट, तिघंही तेच बोलतायत, मला यातला कोणी माहीत नाही, न कळता मत देण्यापेक्षा न दिलेलं बरं." आणि गोल कोराच ठेवला. बाकी सगळं भरून, पाकिटावर सही करून, लायब्ररीबाहेरच्या पेटीत टाकून आला, 'आय व्होटेड'चा स्टिकर लेकीच्या डब्यावर. तिसऱ्या दिवशी फोनवर मेसेज, तुमचं मत मोजलं गेलं. हे मात्र मला भारी आवडतं, पार्सल ट्रॅक केल्यासारखं मत ट्रॅक करता येतं.

५ तारखेला रात्री आठला मतदान संपलं, बाबांकडे सकाळचे साडेनऊ, पोहे समोर घेऊन बसलेले. टीव्हीवाल्यांचा रस फक्त बायडेन-ट्रम्पमध्ये, ते लगेच जाहीरही झालं, सिनेटचं पण त्याच रात्री कळलं. आमच्या जागेसाठी काउंटीच्या वेबसाइटवर जावं लागायचं, आणि तेही एका नाही, दोन, कारण मतदारसंघ सांता क्लारा आणि सॅन मटेओ अशा दोन काउंटींत पसरलाय. मी दोन टॅब उघडून बेरजा करत बसले. लिकार्डो पहिले, सिमिटियन दुसरे, लो तिसरे. बाबांना सांगितलं, झालं बहुतेक. ते म्हणाले, "किती टक्के मोजली?" मास्तर शेवटी!

तर खरी गंमत इथून सुरू झाली. इथे मत टपालाने टाकता येतं आणि ५ मार्चचा शिक्का असेल तर पाकीट पुढच्या सात दिवसांत पोचलं तरी चालतं. प्रत्येक पाकिटावरची सही रेकॉर्डमधल्या सहीशी ताडून बघतात. जुळली नाही तर ते मत फेकून देत नाहीत, मतदाराला पत्र जातं की बाबा रे ही तूच केलीस का, आणि त्याला उत्तर द्यायला बरेच दिवस देतात. आमच्या शेजारच्या ऐंशीच्या आजींना आलं होतं असं पत्र, हात थरथरतो म्हणून सही बदललेली. त्यांनी ते मला दाखवलं तेव्हा मी मनात म्हटलं, आज्जी, तुम्हाला कल्पना नाही तुमच्या या सहीला आत्ता काय भाव आहे ते.

कारण तोपर्यंत लो रोज थोडे थोडे वर सरकत होते. उशिरा आलेली मतं त्यांच्या बाजूची. रोज संध्याकाळी नवे आकडे पडायचे, इथे पाच म्हणजे बाबांकडे पहाटेचे साडेपाच (मधे इथली घड्याळं एक तास पुढे गेली, तेही त्यांना समजावून सांगायला लागलं), आणि बाबा तेव्हा उठलेलेच असतात. फरक हजारांवरून शेकड्यावर आला, शेकड्यावरून बोटांवर. कधी हा पुढे, कधी तो. जवळजवळ १ लाख ८२ हजार मतांमध्ये एक-दोन मतांची आघाडी-पिछाडी बघितली की पोटात गोळा येतो हो, आणि मला तर मतही नव्हतं! कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरून मी रिफ्रेश करत बसलेली. नवरा मात्र त्या दिवसांत या विषयावर फारच कमी बोलत होता. मी पण टोचायची सोडत नव्हते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोजणी संपली. लो ३०,२४९. सिमिटियन ३०,२४९.

बरोबरी. मी आकडा दोनदा वाचला, मग बेरीज परत केली, मग नवऱ्याला हाक मारली. तो स्क्रीनकडे बघून "हं" म्हणाला आणि भांडी घासायला गेला. स्वतःहून!

९ तारखेला पाडवा होता, जमलेल्या घोळक्यात श्रीखंडापेक्षा याचीच चर्चा जास्त. आता पुढे काय? आपल्याकडे चिठ्ठी टाकतात. बाबांना तर २०१७ ची मुंबई महापालिका तोंडपाठ, वॉर्ड २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर दोघांना ५,९४६ मतं पडली होती, फेरमोजणीनंतरही तिढा सुटला नाही आणि शेवटी चिठ्ठीत शहा निवडून आले. पण इथल्या कायद्यात दुसऱ्या नंबरासाठी बरोबरी झाली तर चिठ्ठी नाही, दोघंही पुढे, म्हणजे नोव्हेंबरला दोनऐवजी तीन नावं. बाबा म्हणाले, "हा काय निकाल झाला का? ही तर ग्रेसची पद्धत."

आणि अजून एक अजब. एवढी बरोबरी असूनही फेरमोजणी आपोआप होत नाही. कुणीतरी मतदाराने मागायची, आणि मागेल त्याने खर्च भरायचा, तोही रोजच्या रोज हजारो डॉलर. तर ती मागितली गेली. आता विचार करा, बरोबरी राहिली तर लो आणि सिमिटियन दोघंही सेफ, फेरमोजणीत एकजण कटणार, मग फायदा कोणाचा? लो यांच्या बाजूचे म्हणाले की यामागे लिकार्डोच आहेत, लिकार्डोंनी इन्कार केला. हे ऐकून बाबा एकदम खुशीत, म्हणजे इतके दिवस त्यांना वाटत होतं अमेरिकेचं राजकारण कळत नाही, आता एकदम सगळं ओळखीचं वाटायला लागलं.

१५ एप्रिलपासून परत मोजणी. महिनाअखेरीला निकाल: लो ३०,२६१, सिमिटियन ३०,२५६. दोघांचीही मतं थोडी वाढली, कारण आधी बाजूला राहिलेल्या काही मतपत्रिका आता धरल्या गेल्या. पाच मतांनी सिमिटियन बाहेर.

त्या दिवशी बाबांचा फोन आला आणि मी, खरंच सांगते, मुद्दाम नाही, बोलता बोलता तोंडातून निघून गेलं की तुमच्या चिरंजीवांनी त्या जागेसमोर कोणालाच मत दिलं नव्हतं. पलीकडे शांतता. मग म्हणाले, "दे त्याला फोन." स्पीकर नव्हता तरी मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने पडले होते, तिथपासून सुरू करून बाबा थेट त्याच्या दहावीच्या पेपरवर गेले, त्यातही म्हणे याने येत नाही म्हणून एक प्रश्न कोरा सोडला होता. नवरा "अहो बाबा, माझ्या एका मताने पाचाचा फरक कसा भरला असता" म्हणाला. त्यावर उत्तर आलं, "आणि बरोबरी होती तेव्हा?"

याला काही उत्तर नव्हतं. महिनाभर खरोखर बरोबरीच होती.

४ जूनला लोकसभेचा निकाल लागला. मुंबई उत्तर-पश्चिमला रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले, अमोल कीर्तिकर पडले, आणि आमच्याकडे सकाळी उठल्या उठल्या फोन. मला वाटलं काय झालं. "अठ्ठेचाळीस!" एवढंच म्हणाले बाबा, आणि मग, "एका दिवसात मोजून झालं हो आमचं."

नोव्हेंबरला मतपत्रिका परत आली. लिकार्डो विरुद्ध लो, पुढे लिकार्डो आरामात जिंकले, ५८ टक्क्यांच्या आसपास, त्यात काहीच थरार नव्हता. पण नवऱ्याने यावेळी पुस्तिका वाचली, दोघांचा डिबेट बघितला, आणि सगळ्यात आधी तोच गोल भरला, एवढा गच्च की कागद फाटेल की काय वाटलं. फोटो काढून बाबांना पाठवू का म्हणाला, मी म्हटलं नको.

पान उलटलं तर मागे खाली कुठल्यातरी बोर्डाची एक जागा होती, दोन नावं, दोन्ही अनोळखी. त्याने माझ्याकडे बघितलं. मी लेकीला झोपवायला आत गेले. त्या गोलाचं काय झालं ते मी अजून विचारलेलं नाही, आणि बाबांना तर ती जागा होती हेच माहीत नाहीये.