मॅडमची विंडो ट्रेनीच्या स्क्रीनवर

अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या डिझाइन ऑफिसात पावसाळ्यात वीज जाऊन आली की आयटीचे फोन सुरू. त्या दिवशी सीनियर इंजिनिअर मॅडमचा आला. "अहो, प्रोग्राम चालू दिसतोय, पण विंडोच उघडत नाहीये." फोन ठेवतोय तोवर नवा ट्रेनी दारात. "सर, माझ्या स्क्रीनवर कुठल्यातरी पुलाचं मॉडेल आलंय. मी काहीच उघडलं नाही."

मॅडमचाच पूल.

लांबच्या मशीनवरच्या प्रोग्रामची विंडो आपल्या स्क्रीनवर दाखवणारी एक्स विंडो ही यंत्रणा आम्ही वापरतो. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या या एक्स विंडोत कारभार उलटा असतो. स्क्रीन, कीबोर्ड सांभाळणारा आपला पीसी हा सर्व्हर आणि लांबच्या मशीनवरचा प्रोग्राम त्याचा क्लायंट. लांबच्या मशीनवर लॉगिन होताच आपोआप चालणाऱ्या मॅडमच्या बॅशआरसी फाइलमध्ये डिस्प्लेपुढे, म्हणजे विंडो कुठे दाखवायची त्या जागी, त्यांच्या पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) ठोकून लिहिलेला होता. वीज आल्यावर आयपी नव्याने वाटले गेले आणि मॅडमचा जुना आयपी ट्रेनीला मिळाला.

तरी त्याच्या पीसीने ही विंडो दारातच अडवायला हवी होती. पण सॉफ्टवेअरच्या व्हेंडरच्या पीडीएफमध्ये स्पष्ट सूचना आहे, 'ॲक्सेस कंट्रोल बंद करा' (म्हणजे कोण जोडतंय ते तपासूच नका) यावर टिक करा. सगळ्यांनी इमानेइतबारे केलेली! मॅडमना विचारून मी माझ्या लॅपटॉपवरून एक्स विंडोच्या ६००० पोर्टला जोडलो आणि एक्सडब्ल्यूडी या विंडोचं चित्र टिपणाऱ्या प्रोग्रामने त्यांची विंडो जशीच्या तशी टिपली. पासवर्ड कोणी मागितला नाही. त्या विंडोत टाइप केलेली अक्षरंही अशीच वाचता येतात.

"म्हणजे इतकी वर्षं कुणीही बघू शकत होतं?" मॅडमनी विचारलं. कुणी बघितलं नाही असं मी छातीठोकपणे सांगू शकलो नाही. कसली नोंदच नाही.

यावर उपाय एसएसएच, म्हणजे लांबच्या मशीनशी एन्क्रिप्टेड जोडणी, १९९५पासून उपलब्ध असलेला. पुट्टी या एसएसएचच्या प्रोग्राममध्ये एक्स११ फॉरवर्डिंग (एक्सच्या विंडो त्याच जोडणीतून आणणं) चालू केलं, लांबच्या मशीनवर परवानगीची किल्ली सांभाळणारं एक्सऑथ टाकलं, ६००० पोर्ट बंद केला. तरी 'डिस्प्ले उघडता येत नाही'! एसएसएच लोकलहोस्ट:१०.० असा डिस्प्ले देत होतं आणि बॅशआरसीतली ती जुनी ओळ लॉगिन होताच तो पुसत होती. ओळ उडवली आणि पूल मॅडमच्या स्क्रीनवर आला, एन्क्रिप्टेड बोगद्यातून.

व्हेंडर फोनवर म्हणाला, "साहेब, सगळीकडे असंच असतं, चालतं ना?" चालतं, म्हणूनच कोणी तक्रार करत नाही. विंडो हरवली नसती तर आमच्याकडेही झाली नसती. ठाण्याच्या साइट ऑफिसात अजून तीच पीडीएफ आहे. सोमवारी तिथे जातोय.