तुम्ही विचारलंत म्हणून : गॅसच्या करारात दाबाचा आकडा कशाला?

गॅसखरेदीचे करार तपासणे हे माझे काम असल्याने एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : बिल जर एमएमबीटीयूवर, म्हणजे उष्णतेच्या मोजमापावर येते आणि त्यात दाबाचा उल्लेखही नसतो, तर दाबाच्या एका कलमावरून तुम्ही दोन-दोन दिवस वाद का घालता?

घरच्या शेगडीला साधारण 21 मिलिबार दाब पुरतो आणि गल्लीतल्या वाहिनीत तो सुमारे 4 बार असतो, त्यामुळे मागे कुठे दाब उतरला तरी स्वयंपाकघरात त्याचा पत्ता लागत नाही. स्वतःची वीज तयार करणाऱ्या कारखान्याच्या गॅस टर्बाइनला मात्र बहुधा वीस बारहून अधिक दाब लागतो. रायगड जिल्ह्यातल्या अशा एका कारखान्यात सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा या गॅस-दिवसाचा ठरलेला गॅस पूर्ण मिळत होता, तरीही दाब घसरून टर्बाइन वरचेवर बंद पडत होते. करार उघडला, तर त्यात ‘पुरेशा दाबाने’ एवढेच शब्द होते. पुरेसा कोणाला, हे कोणीच लिहिले नव्हते.

ग्राहक एकदम जास्त गॅस ओढतो म्हणून दाब उतरतो, हे विक्रेत्याचे म्हणणेही अगदीच पोकळ नव्हते. लांब वाहिनीत दोन्ही टोकांच्या निरपेक्ष (म्हणजे बाहेरच्या हवेचा दाबही धरून मोजलेल्या) दाबांच्या वर्गांतला फरक हा ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. समजा, एका टोकाला 30 बार असताना दुसऱ्या टोकाला 25 बार मिळतात. ग्राहकाने प्रवाह दीडपट केला, तर तिथे जेमतेम 17 बार उरतात, आणि दुपटीने गॅस ओढायचा म्हटले तर तो त्या वाहिनीतून येऊच शकत नाही. म्हणून ताशी कमाल किती गॅस उचलायचा, हे न ठरवता किमान दाबाची हमी मागणे मलाही रास्त वाटत नाही.

आकडा लिहितानाही जपावे लागते. प्लांटवर सगळे ‘दाब किती किलो?’ असेच विचारतात. पण तो किलो दर चौरस सेंटिमीटरचा, आणि गेजवरचा, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब वगळून मोजलेला. करारात ‘गेज’ हा शब्द राहून गेला आणि आकडा निरपेक्ष दाबाचा धरला गेला, तर ग्राहकाच्या पदरी सुमारे एक किलो दाब कमी पडतो. दाबही मीटरिंग स्किडच्या (फिल्टर आणि मीटर बसवलेल्या संचाच्या) नेमक्या कोणत्या फ्लँजवर, म्हणजे पाइपच्या जोडावर, मोजायचा, हे लिहावे लागते, कारण फिल्टर तुंबल्यावर त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब एक राहत नाही. हमीपेक्षा दाब कमी आला आणि ग्राहकाने गॅस नाकारला, तर तो विक्रेत्याचा तुटीचा पुरवठा धरायचा. नाहीतर न उचललेल्या गॅसचे पैसे ‘टेक ऑर पे’खाली ग्राहकाच्याच माथी येतात.

खरी ओढाताण होते ती शेवटी, विक्रेता मसुद्यात ‘ताशी सरासरी दाब’ असे घालतो तेव्हा. तासाच्या सरासरीत चार मिनिटांची घसरण दिसत नाही, टर्बाइन मात्र काही सेकंदांतच बंद पडते. त्यामुळे ‘सरासरी’ या शब्दावर मी पहिली काट मारतो.