दुधाशिवाय कढी, आणि हॉटेलसारखी ग्रेव्ही

घरात कुणाचं दूध बंद झालं की पहिली गदा येते ती कढीवर. बाकी रोजच्या जेवणाला फारसा धक्का लागत नाही. नाशिकचा काळा रस्सा, शेवभाजी, पाटवडीचा रस्सा, दाण्याची आमटी, पिठलं, कटाची आमटी ही सगळी मंडळी मुळातच बिनदुधाची आहेत. कांदा-सुकं खोबरं भाजून केलेल्या वाटणाला दुधाची गरज कधी पडलीच नाही. मिसळीचंही तेच, फक्त वरचं दही बाजूला ठेवायचं आणि पावाला बटर लावू नका म्हणून सांगायचं. त्यामुळे सगळं स्वयंपाकघर उलटंपालटं करण्यात अर्थ नाही. खरी डोकेदुखी दोनच: कढी, आणि हॉटेलातली पांढरी किंवा लाल मखमली ग्रेव्ही.

ताकाला पर्याय म्हणून एकच पदार्थ शोधायला गेलं की कढी हमखास फसते. ताक कढीत तीन कामं करतं. आंबटपणा देतं, अंग देतं आणि थोडी स्निग्धता देतं. ही तिन्ही कामं एकट्या सोया दुधाकडून किंवा नारळाच्या दुधाकडून करून घेता येत नाहीत. अंग आणि स्निग्धता शेंगदाण्याकडून घ्यायची आणि आंबटपणा ज्वारीच्या आंबवणीकडून. ज्वारीचं का, तर पीठ पाण्यात आंबलं की त्यात मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार होतं. दह्यातही तेच असतं. नुसतं लिंबू पिळलेल्या कढीला सरबताची चव येते, कारण लिंबाचं आम्ल वेगळं, त्याचा आंबटपणा जिभेच्या शेंड्यावर टोचतो. आंबिलीचा आंबटपणा गोलसर असतो.

आता मापं. वाटी १५० मिलीची धरली आहे, मोठा चमचा १५ मिलीचा. चार माणसांना पुरेल एवढी कढी होते.

आदल्या दिवशी ३ मोठे चमचे ज्वारीचं पीठ २ वाट्या पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचं आणि काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात वर पातळ फडकं बांधून ठेवायचं. स्टीलही चालेल, पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम नको. एप्रिल-मेमध्ये १२ तासांत पीठ छान आंबतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा २४ ते ३६ तास लागतात. भांडं पिठाच्या डब्यात किंवा गोधडीत गुंडाळून ठेवलं तर लवकर होतं. वर बारीक बुडबुडे आणि आंबूस, स्वच्छ वास म्हणजे झालं. कुजका वास किंवा गुलाबी, काळी बुरशी दिसली तर सगळं फेकून द्यायचं, वरचा थर काढून वापरायचं नाही. पीठ ताजं दळलेलं हवं. महिनाभर डब्यात पडलेलं पीठ कडवट लागतं आणि तो कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या पेठ-सुरगाण्याच्या भागात नागली (नाचणी) मुबलक मिळते आणि तिची आंबीलही उत्तम होते, पण कढीचा रंग तपकिरी येतो. रंगाचं काही वाटत नसेल तर खुशाल घ्या.

शेंगदाणे कच्चेच हवेत, एक वाटी म्हणजे साधारण १०० ग्रॅम. सहा तास भिजवायचे आणि चोळून सालं काढायची. साल राहिली तर दूध गुलाबट दिसतं आणि घशाला तुरट लागतं. दोन-तीन पाण्यांनी धुवायचे. आधी एक वाटी पाण्यात अगदी बारीक वाटायचे, मग आणखी ३ वाट्या पाणी घालून एकदा फिरवायचं आणि सुती फडक्यातून पिळून घ्यायचं. सव्वातीन ते साडेतीन वाट्या दूध निघतं. उरलेला चोथा थालीपिठात जातो. भाजलेल्या दाण्यांचं दूध काढण्याचा मोह टाळा. चव चांगली लागते, पण ती आमटीची लागते, कढीची नाही. वाटण्याआधी एक दाणा चावून बघा. पोत्यात एक खवट दाणा असला तरी अख्खं दूध वाया जातं.

शिजवताना क्रम महत्त्वाचा आहे. दाण्याच्या दुधात एक मोठा चमचा बेसन आणि एक वाटी पाणी घालून रवीने घुसळायचं आणि जाड बुडाच्या, उंच पातेल्यात मध्यम आचेवर ठेवायचं. उंच अशासाठी की हे दूधही उतू जातं आणि फेस तर गाईच्या दुधापेक्षा जास्त येतो. पहिल्या उकळीपर्यंत पळी तळापासून फिरवत राहायची, नाहीतर बेसन खाली बसून लागतं. उकळी आली की आठ ते दहा मिनिटं चांगलं खळखळू द्यायचं. कच्च्या शेंगेचा वास इथेच जातो, पुढे जायला जागा नाही. याच वेळी आलं-मिरची-जिरं-कोथिंबिरीच्या देठांचा ठेचा आणि सुपारीएवढा गूळ घालायचा.

कढी-गोळे करायचे असतील तर भिजवून भरड वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे गोळे याच टप्प्यात सोडायचे. आंबट पडल्यावर डाळ शिजायला हटवादीपणा करते, आणि पुढे जोराची उकळीही चालत नाही. गोळे वर तरंगून आतून शिजेपर्यंत थांबायचं. एक फोडून बघायचा. मधे पिवळाधमक कोरडा ठिपका दिसला तर अजून पाच मिनिटं.

मग आच मंद करायची आणि आंबवलेलं ज्वारीचं पाणी पिठासकट, ढवळत ढवळत, धारेने घालायचं. पाच मिनिटं नुसतं हलकं रटरटू द्यायचं. पातेल्याच्या कडेला बुडबुडे आले पाहिजेत, मधे नाही. मीठ आता. गॅस बंद करून दोन मिनिटांनी चव घ्यायची. आंबटपणा कमी वाटला तर अर्धं लिंबू पिळायचं. लिंबू उकळत्या कढीत कधीच नाही, कडवट होतं.

फोडणीत तुपाची जागा घाण्याच्या शेंगदाणा तेलाने भरून निघते, पण तुपाचा खमंगपणा वेगळ्या मार्गाने आणावा लागतो. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, जिरं, सात-आठ मेथीदाणे, हिंग, कढीपत्ता, एक सुकी मिरची आणि ठेचलेल्या पाच लसूण पाकळ्या. लसूण पांढरा राहता कामा नये, कडा बदामी होऊ द्यायच्या. फोडणी ओतल्यावर पाच मिनिटं झाकण ठेवायचं. हळद घालायची की नाही हा घराघरातला वाद आहे. माझं मत, या कढीत चिमूटभर घालावी, कारण बिनहळदीची दाण्याची कढी किंचित राखाडी दिसते.

कढी फुटली तर तिच्यात रव्यासारखे बारीक कण दिसतात आणि वर पातळ पाणी सुटतं. दुधातल्या केसीनप्रमाणेच शेंगदाण्यातली प्रथिनंही आंबटात आणि उष्णतेत साकळतात. बेसनातला आणि ज्वारीतला स्टार्च शिजून फुलला की तो या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणून आधी बेसन शिजवायचं, नंतर आंबट. हा क्रम उलटा झाला किंवा आंबट घातल्यावर आच मोठी राहिली की कण पडलेच. अशी कढी टाकून द्यायची गरज नाही. एक छोटा चमचा तांदळाचं पीठ पाव वाटी पाण्यात कालवून घाला, तीन मिनिटं मंद शिजवा आणि हँड ब्लेंडर फिरवा. अगदी पहिल्यासारखी होत नाही, पण भातावर खपते.

ज्वारी आंबवायला वेळ नसेल तर उन्हाळ्यात कैरी बरी. एक मध्यम कैरी उकडून तिचा गर शेवटी घालायचा. आमसुलाने रंग जातो, चिंचेने कढीची आमटी होते. द्राक्षांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सुचते: थिनिंगच्या वेळी, म्हणजे घडातले जादा मणी काढून तो विरळ करताना, बागेत खाली पडलेले हिरवे आंबट मणी. आंबटपणा झकास असतो, पण त्या दिवसांत बागेवर फवारण्या आणि जीएचं डिपिंग (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लात घड बुडवणं) चालू असतं. ते मणी स्वयंपाकघरात आणू नका. अंगणातल्या, फवारणी नसलेल्या वेलाचे असतील तर गोष्ट वेगळी.

बाजारातल्या तयार दुधांबद्दल थोडक्यात. सोया दूध घेतलंत तर बिनसाखरेचंच, आणि ते दाण्याच्या दुधापेक्षा लवकर फुटतं. ओटचं दूध तापलं की बुळबुळीत होऊ शकतं. बदामाचं इतकं पातळ असतं की कढीत त्याचा पत्ताच लागत नाही. नारळाचं दूध सोलकढीसाठीच राखून ठेवावं. आंबट कढीत ते गोडसर लागतं आणि उकळलं की तेल वर येतं.

आता हॉटेलच्या ग्रेव्हीकडे. हे काम कढीपेक्षा सोपं आहे, कारण दाटपणा काजू आणि मगजातूनच (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बियांतून) येतो, क्रीम नुसतं वरून मिरवायला असतं. लाल ग्रेव्हीला अर्धा किलो टोमॅटो, एक मध्यम कांदा, ३० ग्रॅम काजू (साधारण वीस, तुकडा काजू घ्या, स्वस्त पडतो), एक मोठा चमचा मगज बी, चार काश्मिरी मिरच्या, सहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि दीड वाटी पाणी एकत्र १५ मिनिटं उकळायचं. गार करून वाटायचं आणि गाळायचं. नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगावच्या बाजारात येणारे टोमॅटो वाहतुकीसाठी जाड सालीचे असतात, त्यामुळे गाळणं चुकवू नका. तीन मोठे चमचे तेलात तमालपत्र, दोन वेलदोडे, मग हे वाटण. कडेने तेल सुटेपर्यंत १० ते १२ मिनिटं. वाटण फार उडतं, झाकण तिरकं ठेवा. पातळ करायला गरमच पाणी घालायचं. गार पाण्याने ग्रेव्हीची चकाकी जाते आणि तेल वेगळं दिसायला लागतं.

बटर काढलं की दोन गोष्टी उणावतात. एक दुधाचा गोडवा, त्यासाठी एक छोटा चमचा साखर. दुसरी भाजलेल्या दुधाची खमंग चव. तिच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे एक छोटा चमचा पांढरे तीळ, मंद भाजून, वाटणातच घातलेले. याहून जास्त घातले तर कडवट. शेवटी हातावर चुरडलेली कसुरी मेथी, आणि क्रीमऐवजी दहा भिजवलेले काजू चार मोठे चमचे पाण्यात गंधासारखे वाटून. हे गॅस बंद केल्यावर घालायचं, नाहीतर ग्रेव्ही आळून बुडाला लागते.

पांढऱ्या ग्रेव्हीत दोन कांदे परतायचे नाहीत, उकडायचे. पहिलं उकडलेलं पाणी फेकलं की उग्रपणा जातो. काजू ४० ग्रॅम, मगज दोन मोठे चमचे, खसखस एक छोटा चमचा, आणि दह्याऐवजी उतरवल्यावर अर्ध्या लिंबाचा रस. पनीरच्या जागी टोफू घ्यायचा तर आधी वजनाखाली दाबून त्याचं पाणी काढा, नाहीतर ते सगळं ग्रेव्हीत उतरतं. खरं सांगायचं तर या ग्रेव्हीत मटार-मशरूम टोफूपेक्षा चांगले लागतात.

पाकिटं वाचण्याबद्दल. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि शाकाहारीत दूधही मोडतं. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये व्हीगन, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या, पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं, ते शोधा. घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, सोडियम केसिनेट, लॅक्टोज (दुधातली साखर) हे शब्द दिसले की पाकीट परत ठेवा. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या क्रीमरमध्ये आणि नारळ दुधाच्या पावडरीत सोडियम केसिनेट बरेचदा असतं, आणि ते दुधाचंच प्रथिन आहे. ज्यांना फक्त लॅक्टोज पचत नाही त्यांना तुपाचा सहसा त्रास होत नाही. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र तूपही नको, कारण त्यात प्रथिनांचा अंश राहू शकतो. लहान मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर दाणे आणि काजू चालतात का, हे आधी डॉक्टरांना विचारून घ्या. चालत नसतील तर ग्रेव्हीत काजूच्या जागी मगज किंवा सूर्यफुलाच्या बिया, त्याच वजनाने.

लाल ग्रेव्हीचं वाटण काजूचं क्रीम न घालता फ्रीझरमध्ये महिनाभर राहतं. कढी त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी ती आळून घट्ट होते, आणि गरम करताना गरम पाणी घालून अगदी मंद आचेवर सतत ढवळावी लागते. आंबवलेल्या ज्वारीतलं एक मोठा चमचा पाणी मात्र कढीत घालण्याआधीच काढून फ्रीजमध्ये ठेवा. पुढच्या वेळी ते विरजण म्हणून घातलं की थंडीतही पीठ एका रात्रीत आंबतं.